आकड्याला केसपेपरपर्यंत परत जाता आलं पाहिजे: क्लिनिकल संशोधनातला डेटा कसा सांभाळावा

केसपेपरच्या मागच्या बाजूला निळ्या पेनानं '३.५' लिहिलेलं आहे. शेजारी 'डा. पाय, ड्रेसिंग केलं' एवढंच. सहा महिन्यांनी तो कागद घेऊन कुणीतरी संगणकासमोर बसतं आणि प्रश्न सुरू होतात. साडेतीन सेंटिमीटर ना? लांबी की रुंदी? मोजमाप मेलेली कातडी काढण्याआधीचं की नंतरचं? लिहिणाऱ्या डॉक्टरांची पोस्टिंग संपून ते दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असतात. रुग्णाची जखम एव्हाना भरलेली असते, नाहीतर बोट कापावं लागलेलं असतं. आता तो आकडा कुणालाच पुरा करता येत नाही.

क्लिनिकल डेटा मॅनेजमेंट हे माझं रोजचं काम. औषध कंपन्यांच्या मोठ्या चाचण्यांकडे सॉफ्टवेअर असतं, नोंदी तपासायला येणारे मॉनिटर असतात, पैसा असतो. रुग्णालयात डॉक्टरांनी स्वतः हाती घेतलेल्या अभ्यासाकडे बहुतेक वेळा एक निवासी डॉक्टर, एक लॅपटॉप आणि एक एक्सेल शीट असते. हा लेख या दुसऱ्या गटासाठी आहे. एमडी-एमएसचा प्रबंध करणाऱ्यांना, रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून नव्यानं रुजू झालेल्यांना आणि जिल्हा रुग्णालयात मनापासून काही शोधू पाहणाऱ्यांना तो उपयोगी पडावा.

सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच कसोटी आहे. अहवालातल्या कुठल्याही आकड्यावर बोट ठेवलं, तर तिथून मागे मागे जात रुग्णाच्या मूळ कागदापर्यंत पोचता यायला हवं. २२ मे २०२० रोजी 'द लॅन्सेट'मध्ये कोविडसाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा एक शोधनिबंध छापून आला. ६७१ रुग्णालयांतले ९६ हजार रुग्ण, असा त्याचा दावा होता. तो वाचून जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग काही दिवस थांबवला. मग लोक मूळ नोंदी मागू लागले. डेटा पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर कंपनीनं त्या स्वतंत्र तपासनीसांना दिल्या नाहीत आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. इतके आकडे, पण एकाचाही माग रुग्णाच्या खाटेपर्यंत काढता आला नाही.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरून चालू. समजा, एका जिल्हा रुग्णालयात मधुमेही रुग्णांच्या पायाच्या जखमेवर दोन प्रकारच्या ड्रेसिंगची तुलना करायची आहे. १२० रुग्ण. भेटी पहिल्या दिवशी, मग दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात.

फॉर्मच्या आधी शेवटचा तक्ता

पहिलं काम संगणकावरचं नाही. कोऱ्या कागदावर अहवालातला मुख्य तक्ता रिकामाच आखा. इथे प्रश्न आहे, 'जखम भरली का?' पण 'भरली' म्हणजे काय? खपली धरली म्हणजे भरली? कोरडी पडली म्हणजे भरली? जखमांच्या संशोधनात सर्वमान्य असलेली व्याख्या अशी: पूर्ण त्वचा आलेली, स्राव नाही, ड्रेसिंगची गरज नाही आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तरी तसंच. ही व्याख्या घेतली की लगेच कळतं, जखम भरलेल्या रुग्णाची दोन आठवड्यांनी आणखी एक भेट लागणार. वेळापत्रकात ती नव्हतीच. हे पहिल्या आठवड्यात लक्षात आलं तर एक रकाना वाढतो. सहाव्या महिन्यात लक्षात आलं तर अभ्यासच पांगळा होतो.

एकदा मुख्य निष्कर्ष ठरला की चाचणीची नोंद सीटीआरआयवर, म्हणजे भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, करून टाका. ही रजिस्ट्री २००७ च्या जुलैमध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषध नियंत्रकांनी चाचण्यांना ही नोंदणी सक्तीची केली. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. काहींना हा कागदी सोपस्कार वाटतो. मला तो संशोधकाचं रक्षण करणारा वाटतो, कारण आपण काय मोजणार हे सगळ्यांसमोर लिहून ठेवलं की पुढे निकाल पाहून व्याख्या सरकवण्याचा मोह उरत नाही.

याच टप्प्यावर चार-पाच पानांचा डेटा मॅनेजमेंट प्लॅन लिहा. भेट झाल्यावर किती दिवसांत नोंद करायची, ती कोण करणार, दुरुस्तीचा अधिकार कुणाला, बॅकअप कुठे, लॉक (म्हणजे त्यानंतर नोंदीत बदल बंद) कधी. साधं मराठी-इंग्रजी मिसळून लिहिलंत तरी चालेल. मात्र खाली तारीख आणि सह्या हव्यात, कारण निवासी डॉक्टर बदलतात, कोऑर्डिनेटर नोकरी सोडतात आणि कामाची पद्धत मात्र तीच राहावी लागते.

फॉर्म बनवताना

केस रिपोर्ट फॉर्म, म्हणजे आपण सगळे म्हणतो तो सीआरएफ. सर्वाधिक वेळ द्यायचा तो इथेच.

विभागातले वरिष्ठ म्हणतात, 'हेही विचारून घ्या, पुढे कामाला येईल.' अशा वेळी प्रत्येक प्रश्नासमोर तो कुठल्या तक्त्यात जाणार ते लिहायला लावा. ज्याच्यासमोर काही लिहिता येत नाही तो काढून टाका. ओपीडीत दीडशे रुग्णांची रांग असताना सिस्टर आठ पानी फॉर्म कसा भरतील? पहिल्या दोन पानांनंतर अंदाजे भरणं सुरू होतं आणि त्या अंदाजांखाली खरी मोजमापं झाकली जातात.

जन्मतारीख हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे. महाराष्ट्रात कुठलीही रुग्णयादी काढून पाहा, १ जून या तारखेला जन्मलेले भरमसाट सापडतील. शाळेत नाव घालताना जूनमध्ये गुरुजींनी लिहून दिलेली ती तारीख पुढे आधार कार्डावर जाते आणि तिथून आपल्या फॉर्मवर येते. फॉर्ममध्ये पूर्ण जन्मतारीख सक्तीची केली तर आपण खोटी अचूकता विकत घेतो. त्यापेक्षा 'पूर्ण झालेली वर्षं' विचारा आणि शेजारी माहितीचा आधार नोंदवा: कागदपत्र, रुग्णाचं सांगणं की अंदाज. ज्या आजींना वय माहीत नाही त्यांना एखाद्या मोठ्या घटनेवरून विचारा. '७२ च्या दुष्काळात तुमचं लग्न झालं होतं का, पोरं केवढी होती?' यातून निघालेलं वय कागदावरच्या १ जूनपेक्षा कितीतरी विश्वासाचं असतं.

एकक फॉर्मवर छापलेलंच असावं. 'जखमेची लांबी ____' असं ठेवू नका. 'लांबी, मिलिमीटरमध्ये: तीन चौकोन' असं ठेवा. चौकोन तीन असले की '३.५' लिहायला हात थबकतो. क्रिएटिनिनचंही तसंच. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर देतात, काही मायक्रोमोलमध्ये देतात आणि दोन्हींत ८८.४ पटींचा फरक आहे. एका रुग्णाचं १.१ आणि दुसऱ्याचं ९७ दिसलं तर दुसऱ्याची किडनी गेलेली नाही, त्याचा रिपोर्ट वेगळ्या लॅबचा आहे. म्हणून रिपोर्टवर आहे तोच आकडा आणि त्यावरचंच एकक नोंदवा. रूपांतर संगणकाला करू द्या. ओपीडीच्या गर्दीत माणसानं गुणाकार-भागाकार केला की चूक कुठे झाली ते कधीच सापडत नाही.

डावा-उजवा हे शब्द संक्षेपात लिहू देऊ नका. 'डा.' आणि 'उ.' घाईत सारखेच दिसतात. फॉर्मवर दोन पावलांचं छोटं चित्र छापा आणि जखमेच्या जागी फुली मारायला सांगा. माझ्या अनुभवात या एका चित्रानं जेवढ्या क्वेरी, म्हणजे नोंदीबद्दल विचारलेल्या लेखी शंका, वाचवल्या तेवढ्या कुठल्याही सॉफ्टवेअरनं वाचवल्या नाहीत.

मराठी अंकांबद्दल फारसं कुणी बोलत नाही, पण गावपातळीवरच्या अभ्यासात ही चूक हमखास होते. आशाताई आणि अंगणवाडी सेविका डायरीत मराठी अंक लिहितात, संगणकावर भरणारा इंग्रजी अंक वाचण्याच्या सवयीत असतो. मराठी एकचा आकडा इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी चार इंग्रजी आठसारखा. ११ किलोचं मूल ९९ किलोचं झालं तर कुणीही पकडेल. पण २४ दिवसांचे २८ झाले, तर? पहिल्या पानावरच ठरवा की अंक कुठल्या लिपीत लिहायचे, आणि एकाच नोंदवहीत दोन्ही येऊ देऊ नका. तारखेत महिना आकड्यात न लिहिता अक्षरात लिहा. ०४/०५ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल, हा वाद मग उरतच नाही.

शेवटी, रिकामा रकाना. रिकामा म्हणजे तपासणी केली नाही, केली पण रिपोर्ट मिळाला नाही, रुग्णाला माहीत नाही, की प्रश्न लागूच नाही? या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला वेगळा संकेतांक हवा. तो खऱ्या मोजमापात कधीच न येणारा असावा. सुरुवातीच्या काळात एका अभ्यासात मी 'माहीत नाही'साठी ९९ ठेवला होता. वयाच्या रकान्यातही. सरासरी वय अपेक्षेपेक्षा कितीतरी वर जाऊ लागलं आणि आम्ही दोन दिवस निवडीचे निकष तपासत बसलो. शेवटी कळलं की वय न सांगता आलेल्या सगळ्या आज्या ९९ वर्षांच्या झाल्या होत्या. तेव्हापासून मी उणे आकडे वापरते: उणे ९७, उणे ९८, उणे ९९. विश्लेषणाच्या पहिल्याच ओळीत ते वगळायचे.

फॉर्म तयार झाला की छापखान्यात धाडण्याआधी पाच खऱ्या रुग्णांवर भरून पाहा, तोही जे पुढे भरणार आहेत त्यांच्याच हातून. त्यांच्या शेजारी बसा. पेन जिथे अडेल तो प्रश्न बदला.

नाव एक, क्रमांक एक

रुग्णाला अभ्यासातला क्रमांक द्या आणि फॉर्म, नमुन्याची बाटली, फोटो, संगणकातली ओळ या सगळ्यांवर तोच एक क्रमांक जाऊ द्या. नाव, मोबाईल, पत्ता आणि ओपीडी नंबर हे सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये, कुलपात. नाव आणि क्रमांक यांची जोडी फक्त तिथेच असते.

नावावर विसंबू नये याचं कारण आपल्या घरांत आहे. बाईचं नाव केसपेपरवर सासरचं, जुन्या रिपोर्टवर माहेरचं, आधारवर तिसरंच. दोन सुनीता पवार एकाच दिवशी एकाच वॉर्डात असणं ही रोजची गोष्ट आहे. म्हणून लॅबच्या चिठ्ठीवर अभ्यासाचा क्रमांक, वय आणि ओपीडी नंबर तिन्ही लिहा. रिपोर्ट फाईलला लावताना यातल्या दोन गोष्टी जुळल्याशिवाय लावू नका.

क्रमांक नीट जपला तर अभ्यास किती लांब जातो ते मुंबईत दिसतं. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी १९९८ मध्ये वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांना घेऊन स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी सुरू केली. स्तनाच्या कर्करोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये, वीस वर्षांहून जास्त काळानंतर प्रसिद्ध झाले. झोपडपट्टीत घरं बदलतात, नावं बदलतात, लोक गावी निघून जातात. तरीही कोणती स्त्री कुठल्या गटातली हे शेवटपर्यंत सांगता आलं, म्हणूनच त्या निष्कर्षांना वजन आहे.

मूळ नोंद

सोर्स म्हणजे जिथे गोष्ट पहिल्यांदा लिहिली जाते ती जागा. केसपेपर, नर्सिंग चार्ट, लॅबचा रिपोर्ट, संमतिपत्र. या नोंदींसाठी जगभर पाच गुण मानतात: कुणी लिहिलं ते कळावं, वाचता यावं, घडलं तेव्हाच लिहिलेलं असावं, ती मूळ प्रत असावी आणि अचूक असावी. पाचांतला तिसरा आपल्याकडे सगळ्यात जास्त मोडतो. तळहातावर किंवा हातमोज्याच्या पाकिटावर आकडा लिहून ठेवायचा आणि संध्याकाळी फॉर्म भरायचा, ही सवय वॉर्डात सर्रास दिसते. मग पाकीट कचऱ्यात जातं आणि मूळ नोंदही त्याच्याबरोबर. उपाय साधा आहे: फॉर्मच खाटेपाशी न्या, क्लिपबोर्डला पेन बांधून.

चूक झाली तर व्हाइटनर नको, गिरवून आकडा बदलणं नको. जुन्या आकड्यावर एकच आडवी रेघ, अशी की खालचा आकडा वाचता येईल. शेजारी नवा आकडा, आद्याक्षरं, दुरुस्तीची तारीख आणि दोन शब्दांत कारण. दुरुस्ती दिसणं हा नोंदीचा दोष नाही. तीनशे पानांत एकही दुरुस्ती नसलेला, एकाच पेनानं, एकाच वळणात लिहिलेला गठ्ठा पाहिला की मला उलट शंका येते. तो एका रात्रीत उतरवलेला असतो.

संमतिपत्राची तारीख आणि वेळसुद्धा डेटाच आहे. कोणत्या आवृत्तीच्या मराठी संमतिपत्रावर सही झाली तेही नोंदवा. अभ्यासाची पहिली तपासणी सहीच्या आधी झालेली दिसली, तर तो रुग्णाच्या हक्काचा भंग ठरतो आणि एथिक्स कमिटीला कळवावं लागतं.

कशात भरायचं

एक्सेल सगळ्यांना येतं, म्हणून सगळे त्यात भरतात. त्याचे धोके ठाऊक असावेत. ग्रेडच्या रकान्यात '2-3' असं लिहिलं की एक्सेल त्याची तारीख करतं. जनुकांच्या काही नावांच्या अशा तारखा होऊ लागल्या, तेव्हा २०२० मध्ये ती नावं ठरवणाऱ्या समितीनं नावंच बदलली. रुग्ण क्रमांक '००७' चा नुसता ७ होतो. एकच रकाना निवडून सॉर्ट केला तर एकाची साखर दुसऱ्याच्या नावावर जाते आणि पत्रकात काहीही बिघडल्यासारखं दिसत नाही. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळले, कारण जुन्या एक्सेल फाईलमध्ये ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. त्या लोकांच्या संपर्कात आलेल्यांपर्यंत वेळेत पोचता आलं नाही. आणि सगळ्यात मोठी उणीव: कुणी, केव्हा, काय बदललं याचा माग एक्सेल आपणहून विश्वासार्हपणे ठेवत नाही.

या मागाला ऑडिट ट्रेल म्हणतात. तो देणारी साधनं फुकटातही आहेत. व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये बनलेलं रेडकॅप ना-नफा संस्थांना विनामूल्य मिळतं. मात्र संस्थेनं करार करावा लागतो, एकट्या डॉक्टरला ते उतरवून घेता येत नाही. तुमच्या महाविद्यालयानं तो केला आहे का, आधी विचारा. गावात फिरून मोबाईलवर माहिती भरायची असेल तर ओडीके किंवा कोबो टूलबॉक्स बरं. नेटवर्क नसलेल्या पाड्यावर फॉर्म भरता येतो आणि रेंजमध्ये आल्यावर तो सर्व्हरला जातो. नाइलाजानं एक्सेलच वापरायचं असेल, तर प्रत्येक रकान्याला डेटा व्हॅलिडेशन लावा, क्रमांकाचा रकाना 'टेक्स्ट' करा, भरणारी फाईल एकाच व्यक्तीकडे ठेवा आणि रोज संध्याकाळी तारखेच्या नावानं वेगळी प्रत जपा.

रकान्यांची नावं ठरवली की डेटा डिक्शनरी लिहा. प्रत्येक नावासमोर अर्थ, एकक, चालणाऱ्या किमती आणि फॉर्मवरचा प्रश्न क्रमांक. १ म्हणजे पुरुष की स्त्री, हे दोन वर्षांनी तुम्हालाही आठवणार नाही.

खऱ्या रुग्णाआधी दहा खोटे रुग्ण भरा, आणि मुद्दाम चुकीचे. २०० वर्षांचा माणूस, संमतीच्या आधीची भेट, पाय कापल्यानंतर त्याच पायाची जखम. यंत्रणा कुठे अडवते आणि कुठे निमूट स्वीकारते ते लिहून काढा.

तपासण्या आणि क्वेरी

कागदावरून संगणकात भरत असाल तर शक्य तेव्हा दुहेरी नोंद करा. दोघांनी वेगवेगळं भरायचं आणि दोन फाईली संगणकाला ताडायला द्यायच्या. माणूस नसेल तर निदान मुख्य निष्कर्षाचे रकाने तरी दोनदा भरा.

मर्यादा दोन प्रकारच्या ठेवा. एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ४ ते १४ टक्क्यांच्या बाहेर गेलं तर यंत्रणेनं विचारावं, 'खात्री आहे?' ३ च्या खाली किंवा २० च्या वर गेलं तर कारण लिहिल्याशिवाय पुढेच जाऊ देऊ नये. प्रत्येक गोष्टीला सक्तीचं कुंपण घातलं तर भरणारे लोक कुंपणात बसणारा आकडा टाकायला शिकतात, आणि ते फार वाईट.

खरी मजबुती दोन रकाने एकमेकांशी ताडण्यात आहे. 'जखम भरली: हो', पण लांबी १२ मिलिमीटर. दुसऱ्या भेटीची तारीख पहिलीच्या आधीची. पहिल्या भेटीत डावा पाय, तिसऱ्या भेटीत उजवा. मी आणखी दोन गोष्टी पाहते. भेटीच्या तारखांपैकी किती रविवारी किंवा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पडल्या? त्या दिवशी ओपीडी बंद असते. आणि मोजमापांचा शेवटचा आकडा किती वेळा ० किंवा ५ आहे? खरोखर पट्टी लावून मोजलं तर तिथे सगळे आकडे साधारण सारख्या संख्येनं यायला हवेत. रक्तदाबात सगळीकडे १२०/८० आणि १३०/८० दिसलं की समजावं, मोजण्याचं प्रशिक्षण पुन्हा घ्यायला हवं.

शंका आली की स्वतः आकडा बदलायचा नाही. क्वेरी काढायची. ती कशी लिहावी ते पाहा:

'रुग्ण ०४३, चौथ्या आठवड्याची भेट. वजन ६.५ किलो नोंदलं आहे. पहिल्या भेटीत ६४ किलो होतं. कृपया मूळ कागद पाहून वजन बरोबर असल्याचं कळवावं किंवा दुरुस्त करावं.'

यात 'वजन ६५ करा' असं कुठेही नाही. आपल्याला उत्तर माहीत आहे असं कितीही वाटलं तरी ते सुचवायचं नाही, कारण कागदावर कदाचित ५६ असेल. उत्तर मूळ कागदातूनच यावं. आणि क्वेरी माणसाला उद्देशून असते हे विसरू नका. 'चुकीची नोंद, त्वरित दुरुस्त करा' असं लिहिलेलं वाचून दिवसभर दमलेली सिस्टर पुढच्या वेळी शंकेचा आकडाच लिहिणार नाही.

क्वेरी साठवू नका. दर शुक्रवारी अर्धा तास बसा. पहिल्या दहा रुग्णांनंतर तर सगळं थांबवून पूर्ण तपासणी करा. त्या दहांत जी चूक वारंवार दिसते ती फॉर्मची किंवा प्रशिक्षणाची असते आणि उरलेल्या ११० रुग्णांत ती टाळता येते.

न आलेला रुग्ण

आपल्या उदाहरणातला एक रुग्ण बीड जिल्ह्यातला आहे. दसऱ्याच्या सुमारास तो ऊसतोडीला गेला, आठव्या आणि बाराव्या आठवड्याच्या भेटी चुकल्या. दुसरा आला नाही कारण जखम भरली, मग एसटीचं भाडं कशाला? तिसरा आला नाही कारण पाय चिघळला आणि त्याला दुसऱ्या रुग्णालयात हलवलं. संगणकात तिघेही 'फॉलो-अप नाही' म्हणून सारखेच दिसतात. या तिघांना एका रकान्यात कोंबलं तर निकाल कुठल्याही बाजूला झुकू शकतो.

म्हणून न येण्याचं कारण हा स्वतंत्र प्रश्न ठेवा. पहिल्याच भेटीत दोन मोबाईल नंबर घ्या, एक रुग्णाचा आणि एक गावातच राहणाऱ्या नातेवाइकाचा. टोळीबरोबर जाणार असल्यास कुठल्या कारखान्यावर, तेही विचारा. फोन किती वेळा केला आणि काय उत्तर मिळालं याची तारीखवार नोंद ठेवा. भेट ठरल्या दिवसापासून किती दिवस मागेपुढे चालेल, ती मुदतही आधी ठरवा. आषाढीच्या वारीत पंधरा दिवस कुणी येणार नाही हे माहीत असेल, तर वेळापत्रक त्या हिशेबानं आखावं.

गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं १९९० च्या दशकात नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा अभ्यास केला. ३९ गावांत काळजी दिली गेली, ४७ गावं तुलनेसाठी. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया घरोघरी जाऊन बाळं तपासत आणि लिहून ठेवत. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. या ८६ गावांतले जन्म आणि मृत्यू, तुलनेच्या गावांतलेसुद्धा, निगुतीनं मोजले गेले नसते तर तो आकडा उभाच राहिला नसता. जिथे आपण काही देत नाही तिथली नोंद सगळ्यात आधी ढिली पडते, म्हणून तिच्याकडे जास्त लक्ष हवं.

गंभीर घटना

मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात भरती होणं किंवा मुक्काम लांबणं, कायमचं अपंगत्व. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ च्या नियमांनुसार संशोधकानं अशी घटना २४ तासांत औषध नियंत्रक, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी यांना कळवायची असते, आणि पुढच्या विश्लेषणासह अहवाल १४ दिवसांत. डेटा सांभाळणाऱ्याचं काम याहून वेगळं आहे: सुरक्षेच्या अहवालांची यादी आणि डेटाबेसमधली यादी दर महिन्याला समोरासमोर ठेवून ताडणं. घटनेचं नाव, सुरुवातीची तारीख, परिणाम, औषधाशी संबंध, हे चारही दोन्हीकडे सारखं हवं. रुग्णाचे शब्द आहेत तसे ठेवा. 'पायात मुंग्या येतात' आणि 'पाय बधिर झाला' यांना वैद्यकीय संज्ञा देण्याचं काम नंतर मेड्रासारख्या शब्दसंग्रहावरून करायचं, मूळ शब्द न पुसता.

लॉक

शेवटच्या रुग्णाची शेवटची भेट झाली की विभागात घाई सुरू होते. परिषद जवळ आलेली असते. तरी क्रम मोडू नका. सगळ्या नोंदी आल्या का पाहा. उघड्या क्वेरी बंद करा. गंभीर घटनांची यादी जुळवा. मग मूळ कागदाशी पडताळणी: मुख्य निष्कर्षाचे रकाने सगळ्या रुग्णांचे आणि बाकीचे रकाने काही रुग्णांचे. किती रुग्ण घ्यायचे? एकूण संख्येचं वर्गमूळ अधिक एक, असा एक ठोकताळा वापरतात. १२० रुग्णांना १२ येतात. ते बारा चिठ्ठ्या टाकून निवडा, फाईल सापडायला सोपी म्हणून नव्हे. १०,००० रकान्यांत ५० पर्यंत चुका ही एक प्रचलित मर्यादा आहे. मुख्य निष्कर्षात मात्र एकही नको.

त्यानंतर सगळ्यांनी सही करायची आणि लिहिण्याचा अधिकार काढून घ्यायचा. कुणाला कुठलं ड्रेसिंग मिळालं ती यादी लॉकनंतरच उघडायची. लॉक केल्यावर चूक सापडली तर? उघडता येतं, पण लेखी कारणासह, किती रकाने बदलले ते नोंदवून, आणि निकालावर काय परिणाम झाला ते सांगून.

जपणूक

केसपेपरचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकून 'सर, हे बघा' म्हणणं आता अंगवळणी पडलं आहे. तो फोटो दहा जणांच्या गॅलरीत आणि त्यांच्या बॅकअपमध्ये जाऊन बसतो. रुग्णानं यासाठी सही दिलेली नाही. जखमेचे फोटो अभ्यासाच्याच फोनवर काढा. चौकटीत मोजपट्टी आणि रुग्ण क्रमांकाची चिठ्ठी असावी, चेहरा नसावा, आणि त्याच दिवशी ते सुरक्षित फोल्डरमध्ये हलवून फोनवरून काढून टाकावेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. पण कायदा नसता तरी, ज्या बाईनं आपला सडलेला पाय विश्वासानं पुढे केला तिचं नाव जपणं आपल्यावरच होतं.

विश्लेषणासाठी फाईल बाहेर देताना नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं नाही. 'अमुक पाड्यावरची, ८७ वर्षांची, पाय कापलेली स्त्री' एकच असते. गावाऐवजी तालुका द्या, नेमक्या तारखेऐवजी पहिल्या भेटीपासूनचे दिवस द्या, ८० च्या पुढचं वय एका गटात घाला.

बॅकअप तीन ठिकाणी असावा, त्यातला एक दुसऱ्या इमारतीत. पेनड्राइव्हला बॅकअप समजू नका. तीन महिन्यांतून एकदा तो उघडून पाहा. जी प्रत कधी उघडून पाहिलेली नाही ती चालते की नाही, हे नेमकं गरजेच्या दिवशी कळतं. कागद लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर ठेवा, कारण पावसाळ्यात रेकॉर्ड रूममध्ये पाणी शिरतं आणि वाळवी तर बाराही महिने असते. खोक्यावर अभ्यासाचं नाव, रुग्ण क्रमांक कुठून कुठवर आणि कधीपर्यंत ठेवायचं ते ठळक लिहा, म्हणजे साफसफाईच्या मोहिमेत मामा ते रद्दीत देणार नाहीत.

खोक्यात सगळ्यात वर डेटा डिक्शनरीची छापील प्रत, डेटा मॅनेजमेंट प्लॅन, लॉकची सही केलेली पानं आणि कोऱ्या फॉर्मचा एक नमुना ठेवा. खोकं बंद करण्याआधी, अभ्यासात कधीच नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला बोलवा. अहवालातला कुठलाही एक आकडा त्यांना निवडू द्या, आणि तुम्ही काहीही न सांगता तो केसपेपर त्यांना सापडतो का ते शेजारी उभं राहून पाहा. ते जिथे अडतील तिथे काय कमी आहे ते लिहून काढा, तो कागद तयार करा, आणि मगच खोक्याला चिकटपट्टी लावा.